हात न लावता घरचे चार्जिंग : पोर्शेचे पॅड आणि आपले पोर्च

पोर्शे कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या वाहन प्रदर्शनात विजेवरच्या कायेन या एसयूव्हीसाठी तारेविना चार्जिंगची जी व्यवस्था मांडली, ती वापरण्याची रीत एका वाक्यात सांगून होते : गाडी जमिनीवरच्या पॅडवर आणून उभी करायची, पार्किंग ब्रेक लावायचा आणि घरात जायचे. गन, म्हणजे चार्जिंग केबलच्या टोकाचा प्लग, उचलणे नाही, झाकण उघडणे नाही, ओली केबल गुंडाळून ठेवणे नाही. वॉलबॉक्सच्या, म्हणजे भिंतीवर बसवायच्या घरगुती चार्जरच्या, तोडीची ११ किलोवॅट शक्ती तारेविना देणारी व्यवस्था एका प्रस्थापित मोटार कंपनीने घरगुती ग्राहकासमोर ठेवावी, ही गोष्ट नीट तपासून पाहण्यासारखी आहे. या परीक्षणाला आधार दोन गोष्टींचा आहे : एक, कंपनीने प्रसिद्ध केलेली तांत्रिक माहिती, आणि दोन, पुण्यात घरच्या पोर्चमध्ये ७.२ किलोवॅटच्या वॉलबॉक्सवर आम्ही करत आलेले रोजचे चार्जिंग, ज्याच्याशी तुलना केल्याशिवाय या पॅडची किंमत ठरवता येणार नाही.

आधी वस्तू पाहू. पॅडची लांबी ११७ सेंटिमीटर, रुंदी ७८ सेंटिमीटर, जाडी ६ सेंटिमीटर आणि वजन ५० किलोच्या आसपास आहे. म्हणजे ते दोघांनी उचलून ठेवण्याचे आणि पुन्हा सहसा न हलवण्याचे काम झाले. यापूर्वीच्या अनेक व्यवस्थांमध्ये भिंतीवर एक वेगळी पेटी आणि जमिनीवर पॅड असे दोन भाग असत. पोर्शेने सगळी यंत्रणा एकाच पॅडमध्ये बसवली आहे, त्यामुळे मुख्य वीजतार थेट पॅडपर्यंत आणली की भिंतीवर काही लावण्याची गरज उरत नाही. वीज घेणारा भाग गाडीच्या पोटाखाली, पुढच्या दोन चाकांच्या मध्ये असतो. पॅड उघड्यावर ठेवले तरी चालते, असे कंपनी सांगते.

गाडी पॅडवर नेमकी आणणे हा या साऱ्या प्रकारातला कळीचा भाग आहे. कायेनच्या पडद्यावर सभोवतालच्या कॅमेऱ्यांचे चित्र दिसते, त्यावर पॅडची जागा दाखवली जाते आणि चालकाने त्या खुणेप्रमाणे गाडी पुढे घ्यायची असते. गाडी जागेवर आली की एअर सस्पेन्शन, म्हणजे हवेच्या दाबाने गाडीची उंची कमी-जास्त करणारी यंत्रणा, तिला खाली आणते, त्यामुळे पॅडमधल्या आणि गाडीतल्या तारेच्या गुंडाळ्यांमधले अंतर काही सेंटिमीटरच उरते आणि चार्जिंग आपोआप सुरू होते. हे खाली येणे पाहताना गमतीचे वाटत असेल, परंतु पुढे दिसेल त्याप्रमाणे या व्यवस्थेची निम्मी कर्तबगारी त्याच एका हालचालीत आहे.

तत्त्व जुनेच आहे. पॅडमधल्या तांब्याच्या गुंडाळीतून उच्च वारंवारितेचा प्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि वरच्या गुंडाळीत वीज उत्पन्न होते. आपल्या घरातला प्रवाह सेकंदाला दिशाबदलाची ५० आवर्तने पूर्ण करतो. गाड्यांच्या तारेविना चार्जिंगसाठी ठरलेली वारंवारिता ८५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८५ हजार आवर्तनांच्या, आसपासची आहे. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०२० मध्ये जे२९५४ हे मानक पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केले. त्यात ३.७, ७.७ आणि ११ किलोवॅट असे वर्ग आहेत. गाडी पॅडवर किती चुकली तरी चालेल, याचीही मर्यादा त्यात आखून दिलेली आहे : पुढे-मागे ७.५ सेंटिमीटर आणि डावी-उजवीकडे १० सेंटिमीटर. ज्यांनी अरुंद पोर्चमध्ये, एका बाजूला तुळशीवृंदावन आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची मोटर सांभाळत गाडी लावली आहे, त्यांना या मर्यादेचा अर्थ लगेच कळेल. डावी-उजवी बाजू सवयीने साधते. पुढे-मागे ७.५ सेंटिमीटरमध्ये गाडी रोज थांबवणे पडद्याच्या मदतीशिवाय जमणारे नाही.

आता विजेच्या नासाडीबद्दल. तारेविना चार्जिंगचा विषय निघाला की हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो बहुधा चुकीच्या पायावर उभा असतो. पोर्शेच्या व्यवस्थेची कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत आहे. हे ऐकल्यावर अनेक जण ‘म्हणजे दहा टक्के वीज वाया’ असा हिशेब करतात आणि तारेने केलेल्या चार्जिंगला मनातल्या मनात शंभर टक्के गुण देऊन टाकतात. वस्तुस्थिती अशी की वॉलबॉक्सवर गाडी लावल्यानंतरही मीटरपासून बॅटरीपर्यंत पोहोचेपर्यंत साधारण पाच ते दहा टक्के वीज वाटेत जाते, आणि भिंतीतल्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर त्याहून जास्त जाते, कारण घरातल्या एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसीत रूपांतर करणारा गाडीतला ऑनबोर्ड चार्जर आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स अधिक तास जागे राहतात. तारेविना चार्जिंगमध्ये एसीचे डीसीत रूपांतर पॅड आणि वरचा भाग मिळून करतात, म्हणजे ऑनबोर्ड चार्जरची पायरी वगळली जाते. तेव्हा तुलना ९० आणि १०० यांची नसून ९० आणि ९२-९३ यांची आहे.

रुपयांत मांडून पाहू. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणारी आणि एका युनिटमध्ये ७ किलोमीटर जाणारी मध्यम गाडी घेतली, तर बॅटरीत साधारण २,१५० युनिट भरावे लागतात. ९३ टक्के कार्यक्षमतेच्या वॉलबॉक्सऐवजी ९० टक्क्यांचे पॅड वापरले, तर मीटरवर वर्षाकाठी ८० युनिटही जास्त पडत नाहीत. युनिटला १२ रुपये धरले तरी हा फरक हजार रुपयांच्या आत राहतो. पॅड ८५ टक्क्यांचे असेल, तर जादा युनिट २२० च्या घरात आणि रक्कम अडीच हजारांच्या थोडी पुढे जाते. जो ग्राहक अशा गाडीसाठी कोटीच्या वर पैसे मोजतो, त्याने या रकमेची काळजी करावी असे कोणी म्हणणार नाही, आणि साध्या गाडीच्या मालकालाही ती नाकारण्याचे कारण वाटू नये. मात्र ‘९० टक्क्यांपर्यंत’ या शब्दप्रयोगातला ‘पर्यंत’ लक्षात ठेवावा. जे२९५४ मानकात गाडी नेमकी उभी असताना किमान ८५ टक्के आणि मर्यादेच्या कडेला उभी असताना किमान ८० टक्के कार्यक्षमता पुरेशी मानली आहे. म्हणजे गाडी रोज आळसाने लावणाऱ्याचे बिल नेटकेपणाने लावणाऱ्यापेक्षा थोडे जास्त येईल.

खरा विचार करायला हवा तो पॅडवर पडणाऱ्या वस्तूंचा. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि तो तापतो. स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीवर पातेले तापते ते याच कारणाने. नाणे, खिळा, शीतपेयाच्या बाटलीचे बूच या वस्तू धोक्याच्या आहेतच, परंतु आपल्याकडे त्यांच्यापेक्षा वेफर्सची आणि गुटख्याची आतून चंदेरी पाकिटे जास्त त्रासाची ठरतील, कारण त्यांतला धातूचा थर अतिशय पातळ असतो, तो चटकन तापतो आणि त्याच्याभोवतीचे प्लॅस्टिक पेट घेऊ शकते. वाऱ्याने उडून गाडीखाली जाऊन बसणे हा तर या पाकिटांचा स्वभावच आहे. पोर्शेच्या पॅडमध्ये धातूची वस्तू ओळखणारी आणि गाडीखाली होणारी हालचाल टिपणारी अशा दोन्ही यंत्रणा आहेत आणि काही आढळले की चार्जिंग आपोआप थांबते. ही सोय अत्यावश्यकच होती.

हालचाल टिपणारी यंत्रणा मुख्यतः प्राण्यांसाठी आहे. आमच्या पोर्चमधली मांजर पावसाळ्यात गाडीखालीच मुक्कामाला असते आणि रात्रीतून किमान दोन वेळा तरी जागा बदलते. अशा घरात चार्जिंग थांबण्याचे प्रसंग येणारच. म्हणून थांबल्याची सूचना फोनवर येणे ही या व्यवस्थेत चैनीची बाब राहत नाही. पॅडमध्ये वाय-फाय आणि मोबाइल जोडणी दोन्ही दिलेल्या आहेत, हे त्या दृष्टीने योग्यच झाले. तळघरातल्या पार्किंगमध्ये मोबाइलची रेंज कशी असते हे आपण जाणतोच, त्यामुळे तिथे घराचे वाय-फाय खाली पोहोचवण्याची तजवीज आधी करावी लागेल.

माणसांच्या सुरक्षेविषयी फार घाबरण्याचे कारण नाही. या वारंवारितेला सर्वसामान्य माणसांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा २७ मायक्रोटेस्लाची (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) आहे, आणि गाडीच्या पोटाखालचे ॲल्युमिनियमचे आवरण हे क्षेत्र गाडीत आणि बाजूला पसरू नये म्हणूनच बसवलेले असते. पेसमेकर वापरणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, एवढी दक्षता पुरेशी आहे. पावसाचे पाणी या क्षेत्राला अडवत नाही. पाण्याबरोबर वाहून आलेली खडी आणि चिखल मात्र पॅडवरून झाडून काढावा लागेल, म्हणजे ‘हात न लावता’ या वर्णनाला केरसुणीचा एक छोटा अपवाद राहतो.

या कल्पनेचा इतिहास फार लांबचा नाही, पण बोलका आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरातील इव्हाट्रान कंपनीने प्लगलेस या नावाने निसान लीफ, शेव्हरोले व्होल्ट आणि पुढे टेस्ला मॉडेल एस यांना नंतर बसवता येईल असा संच विकला. त्यात गॅरेजच्या भिंतीवर दिव्यांची एक पेटी असे आणि ती चालकाला गाडी किती पुढे घ्यायची ते दाखवी. बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये ५३०ई या प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बाहेरून भरलेली वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीसाठी कारखान्यातूनच अशी सोय दिली. शक्ती ३.२ किलोवॅट, कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास, दोन भागांतले अंतर सुमारे ८ सेंटिमीटर, आणि गाडी पूर्ण भरायला साडेतीन तास. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात २०० गाड्यांपुरता त्याचा प्रायोगिक उपक्रमही झाला. हायब्रिडच्या साडेनऊ युनिटांच्या छोट्या बॅटरीला साडेतीन तास ठीक होते. मोठ्या बॅटरीच्या गाडीला तेवढी शक्ती तोकडी पडली असती. पोर्शेचे ११ किलोवॅट या ठिकाणी निर्णायक ठरतात. विजेवरच्या कायेनची बॅटरी ११३ युनिटांची आहे आणि ती रिकाम्यापासून भरायची म्हटली तर रात्र पुरते. रोजच्या ४०-५० किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी तर सव्वा-दीड तास पुष्कळ झाला.

हात न लावता चार्जिंग म्हणजे चुंबकीय क्षेत्रच, असे मात्र समजू नये. टेस्लाने २०१५ मध्ये सापासारखी वळवळत जाऊन गाडीचे सॉकेट स्वतः शोधणारी यांत्रिक भुजा दाखवली होती. ती घरोघरी पोहोचली नाही. त्याहून विचारपूर्वक आखलेला मार्ग ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातील ईझीलिंक कंपनीचा आहे. त्यांच्या पद्धतीत जमिनीत जवळजवळ सपाट बसवलेले, षटकोनी धातूच्या ठिपक्यांचे पॅड असते आणि गाडीच्या पोटातून एक जोडणी खाली उतरून त्या ठिपक्यांना प्रत्यक्ष टेकते. तांब्याला तांबे लागत असल्याने हवेतली फट नाही, मोठ्या गुंडाळ्या नाहीत आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार जोडणीची कार्यक्षमता ९९ टक्क्यांपर्यंत जाते. व्हिएन्ना आणि ग्राझमध्ये टॅक्सी थांब्यांवर ही पद्धत वापरून पाहिली गेली. अभियांत्रिकीच्या शुद्ध हिशेबाने मला ही पद्धत अधिक सरस वाटते. परंतु हलणारा भाग गाडीच्या पोटाखाली, म्हणजे चिखल, खडी आणि गतिरोधक यांच्या थेट संपर्कात असणे, ही गोष्ट आपल्या रस्त्यांचा विचार केला की मन साशंक करते. गुंडाळीच्या जोडणीत हलणारे काहीच नाही, आणि घरगुती उपकरणात ही बाब कार्यक्षमतेच्या पाच-सात टक्क्यांपेक्षा मोलाची ठरते.

आता मूळ प्रश्न : गन लावायला पंधरा-वीस सेकंद लागतात, मग त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न विचारणारे लोक सेकंद मोजतात आणि सवय मोजत नाहीत. ज्याच्या गाडीची रेंज ३०० किलोमीटर आहे, तो गाडी रोज लावत नाही. कंटाळा येतो, पाऊस असतो, हातात भाजी असते, ‘उद्या लावू’ असे होते. परिणामी बॅटरी आठवडाभर उतरत जाऊन १५-२० टक्क्यांवर येते आणि नेमके त्याच रात्री कोणाला तरी घेऊन रुग्णालयात जायचे ठरते. पॅडवर उभी राहणारी गाडी हा निर्णय माणसाच्या हातात ठेवतच नाही. ती जेव्हा घरी असते तेव्हा थोडी थोडी भरत राहते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीला तर ७०-८० टक्क्यांची मर्यादा लावून रोज थोडे भरणे, हे एकदम उतरवून एकदम पूर्ण भरण्यापेक्षा अधिक मानवते. पोर्शेच्याच म्हणण्यानुसार विजेच्या गाड्यांचे सुमारे ७५ टक्के चार्जिंग घरी होते. ते बिनबोभाट होत राहणे हा या पॅडचा खरा लाभ आहे आणि माझ्या मते तो वाचलेल्या सेकंदांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

दुसरा लाभ ज्यांना आहे, त्यांच्याकडे जाहिरातींचे लक्ष कमी असते. माझे सासरे गाडी अजून उत्तम चालवतात, परंतु संधिवाताने त्यांची बोटे आखडलेली आहेत. टाइप-२ या प्रचलित प्रकारची गन सॉकेटमध्ये सरळ रेषेतच बसवावी लागते. ती किंचित तिरकी धरली की अर्ध्यावर अडते आणि तळहाताने रेटावी लागते. काढताना किल्लीवरून लॉक उघडायचे आणि मग एका हाताने गाडीला टेकून दुसऱ्या हाताने गन ओढायची. ७ किलोवॅटची केबल बोटभर जाडीची असते आणि थंडीत ती अधिकच ताठर होते. ही सारी धडपड ते कोणाला न बोलावता करू पाहतात, त्यामुळे पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो. गाडी स्वयंचलित गिअरची, दार बटणाने उघडणारे, सीट आपोआप मागे सरकणारी, आणि चार्जिंगपाशी मात्र पैलवानाचे काम, ही विसंगती विजेच्या गाड्यांमध्ये आहे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या, हाताने चालवण्याचे बदल करून घेतलेल्या गाडीतून फिरणाऱ्या चालकाला तर ती अधिक जाणवते. त्याला खुर्ची बाहेर काढून, गाडीला वळसा घालून सॉकेटपर्यंत जावे लागते. अशा माणसांसाठी हे पॅड आलिशान गाडीबरोबर नव्हे, साध्या गाडीबरोबर यायला हवे होते. उलट क्रमाने घडते आहे, ही या क्षेत्राबद्दलची माझी मुख्य तक्रार आहे.

किंमत पाहिली की हा क्रम अधिकच बोचतो. युरोपातल्या वाहनविषयक माध्यमांनी पॅड आणि गाडीतला भाग मिळून ७,००० युरोंच्या घरातला खर्च सांगितला आहे. म्हणजे सात लाख रुपयांच्या पुढे. आपल्याकडे विजेवरच्या छोट्या गाड्या सात-आठ लाखांपासून मिळतात. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स वायरिंग आणि अर्थिंगसह पॅडच्या खर्चाच्या एका छोट्या अंशात बसून जातो. शिवाय पॅड एका गाडीशी बांधलेले आहे. जे२९५४ मानकाचा हेतू कोणत्याही कंपनीची गाडी कोणत्याही पॅडवर भरता यावी असाच असला, तरी आज शेजाऱ्याची दुसऱ्या कंपनीची गाडी त्या पॅडवर उभी करून काही उपयोग नाही, कारण तिच्या पोटाखाली वीज घेणारा भागच नाही. टाइप-२ गनने निदान हा प्रश्न सोडवलेला आहे. पाहुण्यांची गाडी कोणतीही असो, रात्रभर लावून ठेवता येते.

आणि मग आपल्या गाड्यांची उंची. कायेनला एअर सस्पेन्शन आहे म्हणून ती खाली येऊन पॅडशी जवळीक साधते. आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या विजेच्या एसयूव्ही साध्या स्प्रिंगवर उभ्या असतात आणि त्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, १९० मिलिमीटरच्या आसपास असतो, तोही खड्डे आणि गतिरोधक लक्षात घेऊन मुद्दाम ठेवलेला. त्यातून पॅडची ६० मिलिमीटर जाडी वजा केली, तर १३० मिलिमीटरची फट उरते. फट वाढली की दोन गुंडाळ्यांमधली चुंबकीय जोडणी झपाट्याने क्षीण होते. ती भरून काढायला मोठी गुंडाळी आणि चुंबकीय क्षेत्राला वाट करून देणारे फेराइट जास्त लागते, म्हणजे वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. पोर्शेची व्यवस्था जशीच्या तशी आपल्या मध्यम गाडीखाली बसवता येईल, असे समजणे म्हणूनच चुकीचे होईल.

याच जागी नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचे काम महत्त्वाचे वाटते. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने नागपूरच्या या संस्थेबरोबर विकसित केलेला १.५ किलोवॅटचा तारेविना चार्जर २०२५ मध्ये उत्पादनासाठी विशाखापट्टणमच्या एका उद्योगाकडे सोपवण्यात आला. तो आपल्या साध्या २३० व्होल्टच्या सिंगल फेज जोडणीवर चालतो, ४८ व्होल्टची ४.८ युनिटांची बॅटरी सुमारे तीन तासांत ९० टक्क्यांपर्यंत भरतो, आणि त्याची कार्यक्षमता १२.५ सेंटिमीटरच्या फटीला ८९.४ टक्के आहे. वर काढलेली १३० मिलिमीटरची फट आणि ही १२.५ सेंटिमीटरची फट शेजारी ठेवून पाहावी. शक्ती लहान आहे आणि तो लहान वाहनांच्या मापाचा आहे, हे खरेच. परंतु ज्या उंचीवर आपली वाहने प्रत्यक्ष उभी राहतात, त्या उंचीवर, एअर सस्पेन्शनच्या मदतीशिवाय, जवळजवळ पोर्शेएवढी कार्यक्षमता मिळवून दाखवली आहे, आणि भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने ११ किलोवॅटच्या जाहिरातीपेक्षा ही बातमी अधिक कामाची आहे. हाच गाभा ३.३ किलोवॅटपर्यंत नेता आला, तर रात्रीच्या आठ तासांत पंचवीसेक युनिट भरतील. शहरातल्या कोणत्याही सामान्य कुटुंबाला ते दोन-तीन दिवस पुरतात.

११ किलोवॅटसाठी आपल्याकडे थ्री फेज जोडणी आणि वाढीव मंजूर भार लागेल. बंगल्यात हे महावितरणकडे अर्ज करून होणारे काम आहे. सोसायटीत मात्र अडचण विजेच्या आधीच सुरू होते. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटसाठी व्यवस्थापन समितीचे ना-हरकत पत्र मिळवताना सभासदांना किती सभांमधून जावे लागते हे आपण ऐकतो. तिथे सामाईक जमिनीवर ५० किलोचे उपकरण कायमचे ठेवायचे, त्यावरून दुसऱ्या कोणाची गाडी जाणार नाही हे पाहायचे, आणि दरवर्षी पार्किंगची जागा चिठ्ठ्या टाकून बदलणार असेल तर पॅडही उचलून न्यायचे! शहरातल्या बहुसंख्य गाडीमालकांना आज हवी आहे ती स्वतःच्या जागेवरची एक खात्रीची वीजजोडणी आणि नीट केलेले अर्थिंग. गन हाताने लावण्याबद्दल त्यांची तक्रार नाही. पॅडची चर्चा करताना ही पायरी गाळली जाते, आणि मग आपण दुसऱ्या मजल्याच्या रंगाबद्दल बोलत बसतो.

एकूण माझे मत असे : वस्तू म्हणून पोर्शेचे पॅड उत्तम आहे. शक्ती पुरेशी, सुरक्षेचा विचार नेटका, भिंतीवरची पेटी काढून टाकण्याची कल्पना चांगली, आणि विजेच्या नासाडीची ओरड अनाठायी. ज्यांनी ती गाडी घ्यायचेच ठरवले आहे, ज्यांच्याकडे स्वतःचे छत असलेली जागा आणि थ्री फेज जोडणी आहे, त्यांनी भारतात ही सोय उपलब्ध झाल्यास जरूर घ्यावी. इतरांनी यासाठी गाडी बदलण्याचा विचार करू नये. घरात हाताचा त्रास असणारे कोणी असेल, तर वॉलबॉक्स गाडीच्या सॉकेटजवळ, कंबरेच्या उंचीवर बसवून घ्यावा आणि छतातून केबल तोलून धरणारा स्प्रिंगचा हूक लावावा. आम्ही तसा तो लावून घेतला आणि केबलचे निम्मे ओझे कमी झाले.

मात्र ज्यांचे घर आत्ता बांधून होत आहे किंवा पोर्चची फरशी नव्याने बसणार आहे, त्यांनी एक काम आजच करून घ्यावे. मीटरच्या बोर्डापासून पार्किंगच्या मध्यरेषेपर्यंत, जिथे गाडीची पुढची चाके येतात त्या जागी, फरशीखालून ५० मिलिमीटरचा पाइप टाकून ठेवावा आणि त्यात पुढे केबल ओढून घेण्यासाठी ओढतार सोडावी. वळणे काटकोनात न घेता सैल घ्यावीत, नाहीतर जाड केबल ऐन वेळी आत सरकत नाही. खर्च किरकोळ आहे, आणि पाच-सहा वर्षांनी साध्या गाड्यांसाठी परवडणारी पॅड आली तर जोडणी तयार असेल. पाइपचे वरचे टोक झाकणाने बंद करून त्याची दोन्ही भिंतींपासूनची मापे नकाशावर लिहून ठेवावीत, कारण फरशी बसल्यावर ते टोक अंदाजाने शोधताना दोन-तीन फरश्या हमखास फुटतात.